मी उजळले होते तेव्हा

ज्या बायांनी ती डबी अजून फेकली नसेल, कपाटात साड्यांच्या घडीमागे ठेवून दिली असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. चामोर्शीच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि लग्नघरी जाऊन मी चुडे भरते. नाव नसीम, पण नावाने हाक मारणारी माणसं घरातलीच. बाकी सगळ्यांची मी बांगडीवाली भाभी. घरी आम्ही आमची हिंदी बोलतो, बाजारात झाडीबोली, आणि लिहिते ती शाळेत शिकलेली मराठी. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

हात

आमच्या धंद्यात बाईचं तोंड नंतर दिसतं, आधी हात. बाई समोर बसते, हात पुढे करते. मी तिची बोटं जुळवते, अंगठा आत दाबते आणि माप कळतं. बारीक हाताला दोन-चार, मग दोन-सहा, दोन-आठ. वीस वर्षं हेच केलं, पण हात देताना माफी न मागणारी बाई मला एकही भेटली नाही.

"माझा हात म्हंजे नुसतं लाकूड, भाभी." हे तर रोजचंच. कोणी म्हणते माझं हाडच मोठं. कोणी म्हणते काळ्या हातावर हिरवी बांगडी दिसणार कशी, लाल दाखवा. रोवणीच्या दिवसांत तर नखांतला चिखल दिसू नये म्हणून मूठच उघडत नाहीत. दिवसभर वाकून धान रोवलं ते याच हातांनी, आणि लाज वाटते तीही त्यांचीच. मी त्यांना रागावायची. हात कामाचा आहे, देखणा आहे, गप्प बसा म्हणायची.

पण स्वतःला कोण रागावणार? मी लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या बायांनी घुंगट उचलला आणि एकीने हळूच म्हटलं, नाक चांगलं आहे. बस, एवढंच. रंगाबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि ते न बोललेलं मी वीस वर्षं ऐकत आले. लोकांच्या हातांना सोनं म्हणायचं आणि दुकान बंद करून स्वतःच्या गालाला बेसन चोळायचं, असं माझं चाललं होतं.

डबी

दिवाळीच्या आधी टिकल्या, पावडरी, रिबिनी पुरवणाऱ्या माणसाने एक नवीन क्रीम आणलं. छोटी पांढरी डबी, वर सोनेरी झाकण, आणि कुठल्या देशाची कोण जाणे अशी अक्षरं. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. कंपनीचं नाव नाही, आत काय आहे ते नाही. तो म्हणाला, भाभी, आधी तुम्ही लावून पाहा, मगच विका. मला हा माणूस प्रामाणिक वाटला.

तीन आठवड्यांत माझा रंग उघडला. गालांवरचे जुने डाग गेले, मग गळा उजळला. दुकानात बसलेल्या बाया हात सोडून माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. काय लावता, असं विचारलं की मी काउंटरखालून डबी काढायची. कितीतरी जणींच्या गालाला पहिलं बोट मीच लावून दिलं आहे. ते बोट आता मला माझ्या हातावर नकोसं वाटतं.

त्यांतलीच एक पौर्णिमा. चामोर्शीपासून जवळच्या एका गावातली, धान पिकवणाऱ्या घरातली, बारावी झालेली पोरगी. तिचं साक्षगंध होऊन लग्न ठरलं होतं आणि आई शेवंताबाई तिला लग्नाच्या चुड्याचं माप द्यायला घेऊन आली होती. दोन-चारचा हात, लांब बोटांचा. मुलाकडच्यांनी पोरगी पसंत केली, पण जाताना पायरीवर कोणीतरी म्हणालं की फोटोत उजळ वाटली होती. शेवंताबाई हे मला हसत हसत सांगत होत्या. पौर्णिमा हसत नव्हती. ती म्हणाली, "भाभी, मले तुमच्यासारखं तोंड पाह्यजे."

मी तिला दोन डब्या दिल्या. एक दुकानातली, एक माझी.

कौतुक

थंडी पडली तशी मी भरत गेले. आधी गाल, मग हनुवटीखाली, मग पापण्या. तोंडावरच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. त्वचा ताणलेली, पांढरट, आणि तिला आतून उजेड असल्यासारखी चमक. जो तो म्हणे, भाभी, तब्येत सुधारली. घर मानवलं म्हणे कोणी. ज्या नणंदेने वीस वर्षांत माझ्याबरोबर फोटो काढला नव्हता तिने तीन काढले. कोणी असं बोललं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि आधीच चढलेलं काय आहे ते मला कळत नव्हतं.

दुकानात मोठा आरसा आहे. गिऱ्हाईक नसलं की मी त्यात बघायची. त्यात एक बाई असायची. गोरी, गोल तोंडाची, डोळे अर्धे मिटलेले. मी भुवई वर करायची, तर तिची भुवई जरा उशिराने आणि थोडीशीच हलायची. सुजलेल्या तोंडावर हालचाल कमी होते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढं वाटायचं की ही बाई सुंदर आहे आणि तिला माझ्याशी बोलायचं नाही.

सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नसत. लघवीला बसले की मोरीत फेस दिसायचा, साबण न टाकताच. पायमोजे काढले की त्यांची नक्षी संध्याकाळपर्यंत पायावर राहायची. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडायचा आणि तो भरून यायला मी शंभरपर्यंत आकडे मोजायची. मुलगी सना अकरा वर्षांची. तिला तो खेळ वाटला. ती माझ्या पायावर बोटाने आपलं नाव लिहायची, आणि ते राहायचं.

आणि माझ्या स्वतःच्या बांगड्या. दोन-सहाच्या, मनगटावर खुळखुळणाऱ्या. त्या वाजायच्या बंद झाल्या. मग फिरायच्याही बंद झाल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. मी जन्मभर काकणं विकली आणि काकण सांगत होतं ते न ऐकता आरशाचं ऐकलं. दुसऱ्या कुठल्या बाईचा हात दोन महिन्यांत असा वाढला असता तर मी तिला विचारलं असतं की बाई, बरं आहे ना? मला कोणी विचारलं नाही, कारण मी छान दिसत होते.

निदानाचा दिवस

माळ्यावरून खोकी काढताना तीन पायऱ्या चढले आणि श्वास मिळेना. माझा नवरा रशीद मला गडचिरोलीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, कागद परत परत वाचला आणि विचारलं, असं किती दिवस आहे? मी म्हटलं, कसं? ते म्हणाले, ही सूज. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या रंगाला कोणी चांगलं म्हटलं होतं आणि त्याचं खरं नाव सूज होतं. मी रशीदकडे बघितलं. तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मी गाडीत बदलले गेले होते.

किडनीतून प्रोटीन वाहून जात होतं. कशाने, ते कळत नव्हतं. त्याच दिवशी नागपूर.

नागपूरच्या दवाखान्यात सुईने किडनीचा बारीक तुकडा काढायचा ठरला. नर्स म्हणाली, हातातलं सगळं काढा. मी साबण मागितला, तेल मागितलं. हजारो बायांच्या हातांतून मी बांगडी काढली आहे, बोलण्यात गुंतवून, त्यांना कळूही न देता. माझ्या निघाल्या नाहीत. शेवटी नर्सने गॉज गुंडाळून चिमट्याने एकेक फोडली. आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी मनात तसंच म्हणत होते. शेवटची वाढवली तेव्हा मनगटावर सहा खोल वळ होते, आणि दोन दिवस लांबून बघितलं तर बांगड्या अजून हातात आहेत असंच वाटायचं.

दोन खाटा

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सहाला वजन, मग रक्त, मग मीठ नसलेली खिचडी. चोवीस तासांची लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायची आणि कॅन खाटेखाली ठेवायचा. पहिल्या दिवशी लाजेने जीव गेला. चौथ्या दिवशी मी शेजारणीला विचारत होते, तुझं किती झालं? झाडू मारणारी मावशी दुपारी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची. का ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्या दिवसांत कोणी असं नुसतं डोक्याला हात लावला की रडू यायचं.

पाचव्या दिवशी समोरच्या खाटेवर वडशाची एक बाई आली, इंदू. चादर ओढून झोपली होती. दुपारी ती उठून बसली आणि माझा हात तोंडावर गेला. माझंच तोंड होतं. तेच गाल, त्याच अर्ध्या मिटलेल्या पापण्या, तोच आतून आल्यासारखा उजेड. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे माझं तोंड नोहे. मी काळी हावो."

मी म्हटलं, मी पण.

आम्ही एकमेकींना आपण आधी कशा होतो ते सांगत बसलो. तिच्या गालाला खळी पडायची, माझ्या कपाळाला आठी. तिची हनुवटी टोकदार, माझी गळ्याची हाडं वर. जन्मभर जे झाकत आलो त्याच्या खुणा आम्ही हरवलेल्या माणसाच्या असतात तशा एकमेकींना देत होतो. तिने तिचा जुना फोटो मोबाइलवर दाखवला. मी फोटोतल्या बाईकडे पाहिलं आणि मला समोरची खोटी वाटली.

त्या रविवारी रशीद सनाला घेऊन आला. ती दारातून धावत आली आणि इंदूच्या गळ्यात पडली. इंदूने तिला दूर केलं नाही, नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. सना वळली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा इंदूकडे बघितलं. मग वडिलांना विचारलं, "अब्बू, आपली कोणती?" त्यानंतर ती माझ्याजवळ आली, पण लगेच बिलगली नाही. आधी माझ्या हाताचा वास घेतला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्या तेव्हा राउंडला आल्या होत्या आणि हे सगळं बघत उभ्या होत्या. दोन खाटांच्या मधे उभ्या राहून त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. औषधं, काढे, जडीबुटी, सगळं त्यांनी आम्हाला आधी विचारलं होतं. आता त्यांनी वेगळाच प्रश्न केला. "तुम्ही दोघी तोंडाला काय लावता?"

इंदूने उशीखालून डबी काढली. सोनेरी झाकणाची.

पारा

डॉक्टरबाईंनी तपासायला पाठवलेल्या त्या डबीत पारा निघाला. पारा गोरं करतो, आणि त्वचेतून आत जाऊन किडनीच्या चाळणीला भोकं पाडतो. डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं आणि मला एवढंच समजलं. डबी बंद केली, औषधं घेतली, मीठ पाळलं, तर बहुतेक बाया बऱ्या होतात. उशीर झाला तर होत नाहीत.

उशीर हा शब्द ऐकला आणि मला हात दिसायला लागले. खोटं नाही सांगत. डोळे मिटले की अंधारातून एकेक हात पुढे यायचा. मला त्या बायांची नावं माहीत नव्हती, मापं माहीत होती. नदीपलीकडच्या गावची दोन-सहा, करंगळी वाकडी असलेली. शाळेत पोषण आहार शिजवणारी दोन-आठ, मनगटावर भाजल्याचा डाग. आणि एक दोन-चारचा, लांब बोटांचा. तो सगळ्यांत शेवटी यायचा आणि जायचा नाही.

मी रशीदला सगळ्या खुणा सांगितल्या. त्याने लिहून घेतल्या. म्हटलं, पौर्णिमाच्या घरी सगळ्यांत आधी जा. तो दर वेळी आला की मी विचारायची, सांगितलं का? तो हो म्हणायचा. सगळ्यांना? सगळ्यांना. मग मला जेवण जायचं.

इंदूला माझ्या आधी घरी सोडलं. निघताना ती खाटेजवळ आली. सूज निम्मी उतरली होती आणि खळी परत दिसायला लागली होती. माझ्या कानाशी वाकून तिने विचारलं, लग्नकार्यात जराशी लावली तर चालेल ना? मी तिच्या पिशवीकडे बघितलं. ती पिशवी तिने छातीशी धरली.

झाकली मूठ

मी घरी आले तेव्हा पळस फुलून गेला होता. सूज उतरली होती. रंग आपल्या जागी येत होता, गळ्याची हाडं वर आली होती. दुकानात बसले तर बाया म्हणू लागल्या, भाभी, काय झालं, किती उतरल्या, नजर लागली का? बरी झाले होते आणि सगळ्यांना आजारी दिसत होते.

दहाव्या दिवशी शेवंताबाई आल्या. लग्न पाच दिवसांवर आलं होतं, उद्या चुडा भरायला या म्हणून सांगायला. जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या क्रीमनं तं जादूच केली, भाभी. पोरगी वळखू येऊन नाई राह्यली."

रशीद बांगड्यांचे डझन बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

त्या गेल्यावर मी काही विचारायच्या आधी तोच बोलला. एका बाईला सांगितलं की गावाला कळतं, गावाला कळलं की बाजाराला. बांगडीवालीने विष विकलं, असं एकदा झालं की आपल्या हातून कोण चुडा भरून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुझी बातमी काय येईल या भीतीत मी होतो, मला दुसऱ्यांच्या पोरी सुचत नव्हत्या, असंही तो म्हणाला. ते खरं होतं. वॉर्डाच्या दारात त्याला भिंतीला डोकं टेकून उभं असलेलं मी पाहिलं होतं. तरी त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

चुडा

चुडा भरायचे आमचे काही नियम आहेत. पहिली बांगडी देवीच्या नावाने बाजूला काढायची. नवरीच्या हातात बांगडी वाढू द्यायची नाही. आणि नवरीचं माप चारचौघीत बोलायचं नाही. साक्षगंध ते लग्न या दिवसांत हात वाढतो, उतरतो. कारणं काहीही असतात, काही नाजूक असतात. बांगडीवालीने मुकाट्याने दुसरं माप काढायचं आणि गाणं चालू ठेवायचं. माझ्या सासूने मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि या एका नियमावर लोक आम्हाला घरात घेतात.

अंगणात मांडव उभा राहत होता. बाया सतरंजीवर बसल्या होत्या आणि मधे पाटावर पौर्णिमा. मी दारातच थांबले. माझं वॉर्डातलं तोंड तिथे बसलं होतं. पांढरं, गोल, चमकणारं. मला बघून ते हसलं, म्हणजे फक्त ओठ हलले.

तिच्या मावशीने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. हळद लागायच्या आधीच उजळली म्हणत होत्या सगळ्या. मी बसले, तिचा हात घेतला. थंड होता, आणि आत हाड कुठे आहे ते कळेना. दोन-चारची बांगडी बोटांच्या सांध्यापाशीच अडली. मी तेल मागितलं. दोन-सहाची अडली. कोणी म्हणालं, सुखानं फुगली पोरगी, आणि सगळ्या हसल्या. माझ्या पेटीत दोन-आठ होती. ती गेली असती. मुकाट्याने भरली असती तर चुडा झाला असता, लग्न झालं असतं, माझं दुकान राहिलं असतं. आणि चार दिवसांनी ही पोर एका अनोळखी घरात गेली असती, जिथे तिचं हेच तोंड सगळ्यांना आवडलं असतं. तिथे तिने डबी कधीच सोडली नसती.

मी बांगडी खाली ठेवली. म्हटलं, "हिचा हात दोन-चारचा होता. आता दोन-आठचा हाय. हे उजळणं नाई, सूज हाय. क्रीमच्या डबीत जहर हाय, आणि ती डबी मीच देल्ली."

मावशी म्हणाली, "भाभीचं आपलं तोंड उतरलं, आता पोरीचं पाहावत नाई."

मी पौर्णिमाचा पाय पुढे ओढला आणि नडगीवर अंगठा दाबून सोडला. खड्डा पडला, तसाच राहिला. कोपऱ्यात तिची आजी बसली होती. ती सरकत पुढे आली, चष्मा नाकावर चढवला आणि तिने आपला अंगठा माझ्या खुणेशेजारी दाबला. जन्मभर धानाच्या बांधीत, चिखलात उभ्या राहिलेल्या बाईचा अंगठा. दोन खड्डे शेजारी शेजारी. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो आणि ते भरत नव्हते.

पौर्णिमाही बघत होती. ती फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "चारच दिवस, भाभी. चार दिवस लावू द्या, मंग फेकून देतो."

शेवंताबाई उठल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आपल्या भावाला म्हणाल्या, "गाडी काढ."

नंतर

गडचिरोलीत तपासणी झाली, तिथून नागपूर. त्याच डॉक्टरबाई, तोच वॉर्ड. वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या. मांडव उतरवला गेला. मुलाकडचे थांबायला तयार झाले, शहाणी माणसं आहेत. फक्त निरोप असा आला की पोरगी बरी झाली की एकदा पुन्हा बघून घेऊ.

मी त्या यादीतल्या बायांकडे स्वतः गेले. रशीद गाडीवर मला सोडायचा आणि फाट्यावर उभा राहायचा. पुढे पुढे तो आत येऊ लागला. कोणी डबी माझ्यासमोर चुलीत टाकली, कोणी शिव्या दिल्या, कोणी संपली म्हणून सांगितलं आणि त्यांच्या मागच्या फळीवर ती मला दिसत होती. जिची करंगळी वाकडी तिला सूज होती, ती आता औषधावर आहे. दुकानात गर्दी कमी झाली. लोकांना सांगायचं तर आपलं तोंड दाखवावं लागतं, ते मी दाखवते. शंका असली तर लघवी तपासून घ्या, बायांनो. सकाळी डोळे सुजत असतील तर कौतुक ऐकत बसू नका.

शेवंताबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण नागपूरच्या तपासणीला जाताना मला सोबत नेतात, कारण तिथलं सगळं मला माहीत आहे. परवा तिसरी खेप होती. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. प्रोटीन जवळजवळ थांबलं आहे. किडनी वाचली. औषध अजून काही महिने, मग तेही बंद.

आम्ही तिघी बाहेर बाकावर बसलो. शेवंताबाई मोबाइलवर घरी सांगत होत्या आणि त्यांचा आवाज फुटत होता. पौर्णिमाने माझी बाही ओढली.

"भाभी, मी पूरी बरी झाली म्हंजे पह्यलेसारखीच दिसीन का?"

तिला भीती वाटत असेल, काही खूण मागे राहील म्हणून, असं मला वाटलं. मी घाईने म्हटलं, "हो, अगदी पह्यलेसारखी. काही नाई राहात."

तिने ओढणी तोंडावर घेतली आणि रडू लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. शेवंताबाईंनी फोन ठेवून तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आता रडायचं काय, देव पावला, असं म्हणत राहिल्या. मला ते रडणं ओळखू आलं होतं. ज्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला हेच सांगितलं, त्या दिवशी रशीदने सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले होते, आणि मी बाथरूमची कडी लावून नळ सोडून रडले होते. ते उजळलेलं तोंड आता जाणार, म्हणून.